जुन्या जपानी तलवारीचा कारागीर कसा शोधावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात जपानी तलवार सापडली आहे. पहिलं काम कोणतं?

काहीही न घासणं. तेल, लिंबू, चिंच, ब्रासो, सँडपेपर यांपैकी काहीच नको आणि धार लावायला शिकलगाराकडेही नको. कारागिराचा शोध ज्या खुणांवरून लागतो त्यांतल्या निम्म्या खुणा मुठीच्या आत, गंजाच्या थरात असतात. उरलेल्या निम्म्या पात्याच्या पृष्ठभागावर असतात. चुकीच्या हाताने एकदा घासलं की दोन्ही जातात आणि पुन्हा मिळत नाहीत.

तलवार बाहेर काढताना म्यान डाव्या हातात आडवं धरा, धार वर ठेवा आणि पातं पाठीवर सरकवत सावकाश ओढा. धार खाली ठेवून ओढलं तर म्यानाचं लाकूड आतून कापलं जातं आणि कधी म्यान धरलेली बोटंही. उघड्या पात्याला बोट लावू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बोटाच्या ठशाचा गंज काही दिवसांत उमटतो.

कारागिराचं नाव कुठे असतं?

मुठीच्या आत जाणाऱ्या पात्याच्या शेपटावर. त्याला जपानीत नाकागो म्हणतात आणि त्यावर छिन्नीने कोरलेल्या सहीला मेइ. आपल्याकडच्या तलवारींचं पातं मुठीत लाखेने किंवा राळेने पक्कं बसवलेलं असतं. त्यामुळे मूठ सुटी होते हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. जपानी तलवारीची मूठ मात्र बहुधा बांबूच्या एकाच खुंटीवर टिकलेली असते आणि देखभालीसाठी ती नियमित काढली जाते.

मूठ काढायची कशी?

मुठीवर बारकाईने पाहिलं की आरपार गेलेली छोटी खुंटी दिसेल. ती मेकुगी. तिचं एक टोक जाड आणि दुसरं बारीक असतं. बारीक बाजूने दाबली तरच ती निघते. जाड बाजूने ठोकली तर आणखी घट्ट बसते, आणि मूठ फुटण्याचं सर्वात नेहमीचं कारण हेच आहे. पितळी पंच आणि लहान हातोडी पुरे. पंच नसेल तर बांबूची काडी तासून घ्या. लोखंडी खिळा वापरू नका.

खुंटी निघाली की मूठ डाव्या हातात शेवटाजवळ धरा. पातं सरळ वर, किंचित आडवं झुकलेलं आणि धार तुमच्यापासून लांब हवी. आता उजव्या हाताच्या मुठीने स्वतःच्याच डाव्या मनगटावर हलके ठोके द्या. पातं मुठीत सैल होऊन थोडं वर सरकेल. मग पात्याच्या बुडाशी असलेलं धातूचं वेष्टन (हाबाकी) धरून ते उचला. त्सुबा म्हणजे चकतीसारखा हातरोध, त्याच्या दोन्ही बाजूंच्या पातळ चकत्या आणि हाबाकी एकेक करून काढा आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने कापडावर मांडा. चकत्यांची आलटापालट झाली की परत बसवताना मूठ हलते.

पातं सुटत नसेल तर जोर वाढवू नका. त्सुब्याला लागून लाकडाचा ठोकळा ठेवा आणि रबरी हातोडीने आधी एका, मग दुसऱ्या बाजूला हलकेच ठोका. युद्धकाळातल्या लष्करी तलवारींना कधी दोन खुंट्या असतात, कधी स्क्रू. दुसरी खुंटी नजरेतून सुटली की माणसं तासभर झटतात आणि शेवटी मुठीचं लाकूड चिरतं.

नाकागो पूर्ण गंजलेला आहे. अक्षरं दिसावीत म्हणून साफ केला तर?

करू नका. पात्यावरचा गंज हा रोग, पण नाकागोवरचा गंज हा जन्मदाखला आहे. जपानी परंपरेत तो शतकानुशतकं मुद्दाम तसाच राहू दिला जातो, कारण त्याचा रंग आणि पोत वयाची साक्ष देतात. ४००-५०० वर्षांच्या नाकागोवर खोल, काळसर तपकिरी, गुळगुळीत थर असतो. १९४०च्या दशकातल्या नाकागोचा धातू बहुधा राखाडी दिसतो आणि त्यावर हलका लालसर गंज असतो. सहीतल्या रेघांच्या आतला गंज आणि बाहेरचा गंज एकाच वयाचा आहे का, यावरून खोटी सही ओळखली जाते. घासलेल्या नाकागोवर ही तपासणी करता येत नाही आणि किंमतही मोठ्या प्रमाणात घसरते.

अक्षरं स्पष्ट हवी असतील तर बोटावर चिमूटभर टाल्कम पावडर घेऊन अलगद फिरवा आणि वरची पावडर कोरड्या मऊ कापडाने टिपून घ्या. रेघांत पांढरेपणा उरतो तेवढ्यावर वाचन होतं. काम झालं की तीही झटकून टाका. बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिलने ठसा घेणं हा आणखी निर्धोक मार्ग आहे. जपानी अभ्यासक पातळ कागद आणि काजळीच्या वडीने असाच ठसा घेतात. त्याला ओशिगाता म्हणतात.

तज्ज्ञांना पाठवायचे फोटो कसे काढावेत?

इथेच सर्वाधिक वेळ वाया जातो. फोटो चांगले असतील तर जाणकार काही मिनिटांत वाचून दाखवतात. वाईट फोटोवर महिनाभर नुसती चर्चा होते.

खोलीतले दिवे बंद करा. एकच दिवा नाकागोच्या बाजूला, जवळजवळ त्याच्याच पातळीत ठेवा म्हणजे प्रकाश तिरका पडून प्रत्येक रेघेला सावली येईल. फ्लॅश नको. कॅमेरा नाकागोला समांतर आणि मागे गडद कापड. टोक वर, नाकागो खाली अशीच दिशा ठेवा, कारण सही वरून खाली वाचली जाते. उलटे पाठवलेले फोटो हा रोजचा त्रास आहे. नाकागोच्या दोन्ही बाजू संपूर्ण घ्या, नुसती अक्षरं नकोत. त्यानंतर संपूर्ण उघडं पातं, टोकाचा जवळून फोटो आणि धारेलगतच्या पांढुरक्या रेषेचे (हामोन) दोन-तीन फोटो.

सोबत तीन मापं लिहा. पहिलं, टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंतची सरळ लांबी, म्हणजे नागासा. हे माप नाकागो धरून घेतलं तर सगळा हिशेब चुकतो. दुसरं, त्याच सरळ रेषेपासून पाठीच्या वाकाची जास्तीत जास्त खोली, म्हणजे सोरी. तिसरं, बुडाशी आणि टोकाजवळ पात्याची रुंदी. लांबी ६०.६ सेंटीमीटरहून जास्त असेल तर काताना किंवा ताची, ३०.३ ते ६०.६ असेल तर वाकिझाशी आणि त्याहून कमी असेल तर तांतो. हे आकडे शाकू या जुन्या मापातून आले आहेत. १ शाकू म्हणजे ३०.३ सेंटीमीटर.

सही एकाच बाजूला आहे. त्या बाजूला काही अर्थ असतो का?

असतो, आणि तो लगेच तपासता येतो. टोक वर करून सही आपल्याकडे ठेवा. धार डावीकडे आली तर ती कातानाची सही, उजवीकडे आली तर ताचीची. ताची धार खाली ठेवून कमरेला लटकवत, काताना धार वर ठेवून पट्ट्यात खोवत. दोन्हींत सही अंगापासून लांबच्या बाजूला येते. म्हणून ताचीच्या बाजूची सही दिसली की जुन्या, १५व्या शतकाच्या आधीच्या पात्याची शक्यता वाढते. पण घाईने निष्कर्ष काढू नका. हिझेन प्रांतातले तादायोशी घराण्याचे लोहार १७व्या शतकातही लांब तलवारींवर ताचीच्या बाजूलाच सही करत आणि वाकिझाशीवर नेहमीच्या बाजूला.

सही वाचायची कशी? मला जपानी येत नाही.

सहीची रचना ठरलेली असते, त्यामुळे भाषा येत नसली तरी बरंच पुढे जाता येतं. पूर्ण सहीत क्रमाने प्रांत, ‘राहणार’ या अर्थाचं जू, गाव, पदवी, कुळ, नाव आणि शेवटी ‘घडवली’ या अर्थाचं साकु येऊ शकतं. उदाहरणार्थ ‘बिझेन कुनी जू ओसाफुने सुकेसादा साकु’ म्हणजे बिझेन प्रांतातल्या ओसाफुने गावच्या सुकेसादाने घडवली. अनेक सह्या मात्र फक्त दोन अक्षरांच्या असतात, नुसतं नाव.

सगळी सही एकदम वाचायला जाऊ नका. आधी वारंवार येणारी अक्षरं शोधा: कुनी (प्रांत), जू, साकु आणि फुजिवारा, मिनामोतो ही कुळांची नावं. ती सापडली की उरलेल्या दोन अक्षरांत नाव असतं. फोनमधलं फोटोवरून भाषांतर करणारं ॲप छिन्नीच्या अक्षरांवर बहुधा भलतंच सांगतं. त्यापेक्षा फोनला जपानी हस्ताक्षराचा कीबोर्ड जोडा आणि एकेक अक्षर बोटाने गिरवा. खाली येणाऱ्या पर्यायांतून जुळणारं निवडा. जुन्या लिपीतलं रूप निवडायला विसरू नका. ‘कुनी’ आणि ‘हिरो’ यांची आजची रूपं तलवारीवरच्या रूपांपेक्षा वेगळी दिसतात.

कामी, सुके, दाइजो, जो या पदव्या आहेत. ‘ओमी दाइजो’ म्हणजे तो लोहार ओमी प्रांताचा अधिकारी होता असं नव्हे. तो मिळालेला मान आहे. शोधाच्या दृष्टीने मात्र पदवी सोन्यासारखी, कारण ती कधी मिळाली हे बऱ्याचदा नोंदलेलं असतं. हिझेनच्या पहिल्या तादायोशीने १६२४मध्ये मुसाशी दाइजो ही पदवी मिळाल्यावर तादाहिरो हे नाव घेतलं. त्याचा मुलगाही तादाहिरोच, पण ओमी दाइजो. पदवी वाचली नाही तर बाप आणि मुलगा एकच होऊन बसतात.

मागच्या बाजूला तारीख आहे. ती इसवी सनात कशी आणायची?

तारखेत आधी युगाचं नाव, मग वर्ष, महिना आणि दिवस असतो. युगाचं पहिलं वर्ष कळलं की त्यातून १ वजा करून सहीतलं वर्ष मिळवा. कानबुन युग १६६१ला सुरू झालं, म्हणून कानबुन ७ म्हणजे १६६७. शोवा १९२६ला, म्हणून शोवा १७ म्हणजे १९४२. युग किती वर्षांचं होतं तेही पाहा. कानबुन १३व्या वर्षी संपलं. तुम्ही ‘कानबुन १५’ वाचलं असेल तर एकतर आकडा चुकला आहे किंवा सही.

काही तारखांत आकड्याऐवजी किंवा आकड्यासोबत ६० वर्षांच्या चक्रातलं नाव असतं. आपल्या पंचांगातल्या संवत्सरांसारखंच हे चक्र आहे. त्यामुळे एकट्या चक्रनामावरून शतक ठरत नाही, युगाचं नाव लागतंच.

दुसरा आणि आठवा महिना इतक्या वेळा दिसतो की तेवढ्याच महिन्यांत काम चालायचं असं वाटावं. ती शुभ महिना कोरण्याची रीत होती. महिन्यावरून काही सिद्ध करायला जाऊ नका.

नाव सापडलं, पण त्या नावाचे डझनभर लोहार निघाले. आता?

हाच शोधाचा खरा भाग. शिष्य गुरूच्या नावातलं एक अक्षर घेई आणि मुलगा बापाचं अख्खं नाव. मिनो प्रांतातल्या सेकी भागात ‘काने’ने सुरू होणारी नावं अक्षरशः शेकडो आहेत. सुकेसादा हे नाव ओसाफुनेत पिढ्यानपिढ्या चाललं. १६व्या शतकात युद्धांची मागणी भागवायला तिथे ढिगाने तलवारी निघत, आणि मागणीवरून घडवलेल्या उत्तम तलवारीही त्याच नावाने. फरक सहीत दिसतो. खास कामावर बहुधा लोहाराचं व्यक्तिगत नावही येतं, जसं योसोझाएमोन नो जो सुकेसादा. घाऊक कामावर प्रांताचं संक्षिप्त रूप ‘बिशू’ आणि नुसतं सुकेसादा असं बऱ्याचदा दिसतं.

अशा वेळी नाव बाजूला ठेवा आणि पात्याला विचारा. आधी काळ ठरवा. १५९६च्या आसपासपर्यंतची पाती कोतो, तिथून १७८०पर्यंत शिंतो, मग १८७६पर्यंत शिनशिंतो. १८७६ला सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि बहुसंख्य लोहारांचा धंदाच बसला. वाक मुठीजवळ जास्त आणि पातं टोकाकडे निमुळतं असेल तर कामाकुरा काळाकडे (१२व्या शतकाच्या अखेरीपासून १४व्याच्या सुरुवातीपर्यंत) झुका. वाक अगदी कमी आणि टोक लहान असेल तर १६६१-७३च्या कानबुन घडणीची शक्यता.

मग घराणं. जुन्या तलवारींच्या पाच परंपरा मानतात: यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो. पोलादाच्या घड्यांचा पोत सरळ रेषांचा असेल तर यामातो. हामोनच्या वर धुक्यासारखी सावली असेल तर बिझेन. हामोनमध्ये तीन-तीनच्या गटाने टोकदार शिखरं असतील तर मिनोतल्या कानेमोतोची आठवण होते. नाकागोवरचे कानशीचे ओरखडेही बोलतात. जाळीदार असतील तर यामातो, ससाण्याच्या पिसासारखे दोन बाजूंनी तिरपे असतील तर बऱ्याचदा मिनो. आडव्या ओळींनंतर तिरपे, असे सजावटीचे ओरखडे शिंतो काळात आले. तसे असतील आणि सही मात्र १४व्या शतकातल्या लोहाराची असेल, तर सहीवर विश्वास ठेवू नका.

इतकं झाल्यावर डझनातले दोन-तीनच लोहार उरतात. त्यांच्या प्रमाणित सह्यांचे ठसे समोर ठेवून रेघ न् रेघ ताडा: अक्षर खुंटीच्या भोकाच्या वर की खाली, मधल्या कण्याच्या कोणत्या बाजूला, छिन्नी कुठल्या कोनात शिरली, शेवटची रेघ कशी सोडली. कोरण्याची सवय हस्ताक्षराइतकीच पक्की असते, फक्त ठसा त्याच लोहाराच्या त्याच वयातला हवा. तरुणपणीची आणि म्हातारपणीची सही वेगळी असते.

सही खोटी असण्याची शक्यता किती?

नाव जितकं मोठं तितकी जास्त. मासामुने, कोतेत्सू, सुकेहिरो, शिनकाइ, कियोमारो यांपैकी नाव वाचलंत तर खोटी आहे असं धरूनच सुरुवात करा. जपानात हा उद्योग शेकडो वर्षं चालला. खोटी सही म्हणजे तलवार खोटी असं मात्र नाही. एखाद्या चांगल्या, पण कमी प्रसिद्ध लोहाराच्या पात्यावर व्यापाऱ्याने मोठं नाव कोरलेलं असतं. मुरामासा या लोहाराच्या बाबतीत उलटंही घडलं. सत्ताधारी तोकुगावा घराण्याला त्याच्या तलवारी अशुभ मानल्या जात, म्हणून मालकांनी सह्या पुसल्या किंवा अक्षर बदलून टाकलं.

सहीच नाही. मग शोध संपला का?

नाही. लांब ताची पुढच्या काळात तोडून लहान केल्या जात. तोडताना नाकागोच्या बाजूने तोडत, त्यामुळे सही गेली. एकाहून जास्त भोकं आणि चौकोनी कापलेलं टोक ही त्याची खूण. कधी सहीचा तुकडा कापून नव्या नाकागोत बसवलेला किंवा दुमडून ठेवलेला असतो, तेव्हा नीट पाहा. सोन्याने भरलेली अक्षरं ही बहुधा होनआमी घराण्यासारख्या पारख्यांचं मत असतात किंवा कापून पाहिल्याच्या चाचणीची नोंद. कारागिराची सही नव्हे. सही नसलेल्या पात्याबद्दल प्रामाणिक उत्तर बहुधा घराणं आणि काळ इतकंच असतं, आणि ते पुरेसं मानावं.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, तलवार तिथून आली आहे. ती किती जुनी?

मराठी घरांतल्या बऱ्याच जपानी तलवारींचा उगम हाच. १९४५मध्ये आग्नेय आशियात जपानी सैन्याने शरणागती पत्करली तेव्हा अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्या. पुढे जपानमध्ये तैनात झालेल्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पलटणही होती.

मूठ धातूची ओतीव असेल आणि पात्यावर बुडाशी आकडे ठोकलेले असतील तर ती सार्जंट दर्जाच्यांना दिलेली यंत्रावरची तलवार. तिला कारागीर शोधू नका, तो आकडा कारखान्याचा अनुक्रमांक आहे. मूठ दोऱ्याने गुंडाळलेली असेल तर नाकागो पाहावाच लागतो. सहीच्या वर ‘सेकी’ किंवा ‘शो’ हा छोटा शिक्का असेल तर पातं बहुधा पारंपरिक पद्धतीचं नाही. तारेचा शिक्का असेल तर ते लष्कराने नेमलेल्या लोहाराने पारंपरिक पोलादातून घडवलेलं आहे. आणि लष्करी मुठीत कधीकधी ३००-४०० वर्षांचं घराण्याचं पातंही बसवलेलं असतं. म्हणून बाहेरच्या साजावरून कधीच ठरवू नका.

अधिकृत प्रमाणपत्र कोण देतं?

तोक्योतली निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाइ ही १९४८ला स्थापन झालेली संस्था. तिच्या श्रेणी चढत्या क्रमाने होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो. सही खोटी ठरली तर प्रमाणपत्र मिळत नाही. तलवारीसोबत या संस्थेचा जुना हिरवा दाखला असेल तर त्यावर अवलंबून राहू नका. त्या मालिकेतले खोटे दाखले बरेच निघाले आहेत. जपानच्या जिल्हा शिक्षण मंडळाचं नोंदणीपत्र हे प्रमाणपत्र नव्हे. त्यावर सही जशी दिसली तशी उतरवलेली असते, ती खरी आहे असं कोणी म्हटलेलं नसतं.

भारतातून तलवार जपानला पाठवता येते का?

आधी कायदा पाहा. १९७२च्या पुराणवस्तू कायद्याखाली १०० वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाशी बोलल्याशिवाय कुरिअरकडे जाऊ नका. तलवार १९५९च्या शस्त्र कायद्यातही मोडते, म्हणून प्रवासात नेण्याआधी किंवा विकण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी विचारा. जपानमध्ये विमानतळावरच ती जाहीर करावी लागते, मग नोंदणी होते. पारंपरिक पद्धतीने न घडवलेल्या लष्करी पात्याला तिथे नोंदणी मिळत नाही आणि ते जप्त होऊ शकतं. शिक्का तपासल्याशिवाय पाठवू नका असं आम्ही आग्रहाने सांगतो ते त्यासाठीच.

तोपर्यंत देखभाल काय करावी?

शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ मऊ कापडाने पात्यावरचं जुनं तेल टिपा. पाठीकडून कापड धरून बुडाकडून टोकाकडे एकाच दिशेने पुसा. मग चोजी (लवंगेचं तेल) किंवा हलक्या खनिज तेलाचा इतका पातळ थर द्या की थेंब दिसणार नाही. जास्त तेल म्यानात झिरपतं आणि त्यात धूळ चिकटते. पांढऱ्या पावडरीचा गोळा, उचिको, नवख्यांनी वापरू नये. आधीच कचरा बसलेल्या पात्यावर त्याने ओरखडे उठतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाहा. पॉलिश फक्त जपानी पद्धतीत शिकलेल्या तोगिशीकडूनच (पॉलिश करणाऱ्या कारागिराकडूनच) करून घ्यावं, आणि पातं कोणाचं हे कळल्यावरच, कारण पॉलिशचा खर्च अनेकदा पात्याच्या किमतीहून जास्त होतो.

मुठीला लाकडी किंवा कापडी चिठ्ठी बांधलेली आहे. त्यावरचं नाव कारागिराचं का?

नाही. शरणागतीच्या वेळी अधिकारी आपलं नाव, हुद्दा आणि गावाचा पत्ता लिहून ती चिठ्ठी तलवारीला बांधत. ते मालकाचं नाव आहे. चिठ्ठी काढू नका, धुऊ नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि ती ॲसिडमुक्त कागदात गुंडाळून तलवारीसोबतच ठेवा. शाई फिकी झाली असेल तर दिवसाच्या तिरक्या उजेडात आणखी एक फोटो घ्या. कारागिराची सही वाचणाऱ्या जाणकाराला हा फोटोही पाठवा. पत्त्यातला प्रांत आणि पात्याचा प्रांत एकच निघाला तर घराण्यात चालत आलेल्या पात्याची शक्यता तपासून पाहण्यासारखी असते.